देवजीशेठची खोड

ट्रॅक्टरमधलं आपल्याला कळतं. उगाच फुशारकी नाही मारत. आम्ही साताऱ्याकडचे, पाळण्यात असल्यापासून उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज ऐकतोय. आता पोट मार्केटात माथाडीचं, राहायला बोनकोड्यात देवजीशेठच्या चाळीत भाड्याची खोली, म्हणून काय अक्कल गहाण पडली का? पण छप्पन्न साली... हां, शहाण्णव साली, बायको हसते म्हणून नीट सांगतो, एकोणीसशे शहाण्णव साली देवजीशेठनं ट्रॅक्टर घेतला आणि माझ्या सगळ्या ज्ञानाचा पार चिखल केला. तेच सांगायचंय.

देवजीशेठ इथलाच, आगरी. सगळ्यांसारखी त्याचीही शेतं नवं शहर वसवताना सरकारनं घेतली. मग त्यानं लाकडाची वखार टाकली. प्लॉट मोकळे करायचे, झाडं तोडायची, ओंडके आणून रचायचे. बोलणं मोजकं. पण कुठलीही वस्तू घेताना एक प्रश्न ठरलेला, "याला खोड काय हाय?" पूर्वी बैल घेताना विचारायचे ना, मारका आहे का, बुजतो का, तसंच. फ्रीज घेताना त्याचं दार उघडून आत तोंड घालून त्यानं दुकानदाराला हेच विचारलं. म्हणायचा, "बिनखोडीचा काय नसते. सांगनारा खरा पायजे."

मी खोली बघायला गेलो तेव्हासुद्धा! मला आपादमस्तक न्याहाळलं, दहा पावलं चालवलं, आणि आमच्या शकूला विचारलं, "वयनी, याला खोड काय?"

तिनं श्वासही घेतला नाही. "बोलतो फार. नको तिथं अक्कल पाजळतो."

"मंग चालंल," म्हणाला, आणि किल्ली दिली. मी मात्र दोन दिवस शकूशी बोललो नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले असं ती अजून सांगते.

तर ट्रॅक्टरचं असं झालं. देवजीशेठची बायको, गोजरावैनी, तिचं माहेर द्रोणागिरीकडचं. तिकडची जमीनही गेली, पण खाडीलगतचा एक तुकडा कसाबसा वाचला आणि बापानं तो लेकीला दिला. भाताचं शेत. तेवढंच उरलेलं. आदल्या पावसाळ्यात वादळ झालं आणि बांधावरचे दोन शिरीष आणि एक जुनी चिंच मुळासकट उन्मळून शेतात आडवी झाली. झाडं पडली ते एक, पण मुळांबरोबर बांधही फाटला. उधाणाचं खारं पाणी थेट शेतात. पावसाच्या आत ओंडके ओढून काढायचे आणि बांध घालायचा, नाहीतर ते शेत कायमचं खाजण, नुसती खारी दलदल. भाड्याचे ट्रॅक्टरवाले यायचे, चिखल बघायचे आणि चहा पिऊन परत जायचे.

वैनी एकदा शकूपाशी बोलली, "लग्न झाला तवा घरात भाताची कनगी भरलेली व्हती. आता पिशवीतला तांदूल आनतू. पावना जेवला का मना लाज वाटते. विकतचा भात वाढते मी!" डोळे पुसले आणि लगेच मासळीवाल्या बाईशी भांडायला गेली. पण देवजीशेठनं ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. "हौसेराव, ट्रॅक्टर घ्याचा हाय. चल."

मी सुट्टीच टाकली!

पनवेलच्या एजन्सीत जयप्रकाश नावाचा पोरगा होता, टाय लावलेला, बूट आरशासारखे. एका बाजूला लाल ट्रॅक्टर, पन्नास हॉर्सपॉवरचा, काय ते धूड, काय ती चाकं! शेजारी निळा, पंचवीसचा, लाजल्यासारखा उभा. मी म्हटलं, "शेठ, विचारच करू नका. लाल. आमच्याकडं असल्यानं दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढतात. हा निळा काय, द्राक्षाच्या बागेत औषध मारायला ठीक आहे."

देवजीशेठ दोन्हींभोवती फिरला. टायरच्या नक्षीत बोटं घालून दात मोजल्यासारखी खोली बघितली. मग जयप्रकाशला म्हणाला, "याला खोड काय हाय?"

"खोड?" पोरगं खुलून आलं. "काका, कसलंही खोड ओढेल! सागाचं, आंब्याचं, तुम्ही बांधा फक्त!"

"लाकडाचा नाय इचारत मी. याची खोड सांग."

"काका, आमच्या मालात काहीच खोट नाही."

देवजीशेठ मान हलवत माझ्याकडं वळला. "खोटा बोलते. चिखलात आन म्हनावा दोनी. आमी बैल पन चिखलात चालवल्याबिगर नाय घेतला कवा." आणि तो तिथंच खुर्चीवर मांडी घालून बसला. जयप्रकाशनं साहेबाला फोन लावेपर्यंत उठला नाही. शेवटी जयप्रकाश वैतागून म्हणाला, "येतो बाबा, येतो!"

मे महिन्यातला तो रविवार. दोन्ही ट्रॅक्टर शेतावर आले. वखारीतली चार माणसं होती, गोजरावैनी बांधावर पदर खोचून उभी. दुपारनंतर भरती होती, त्यामुळे वेळ मोजका.

पहिला मान लालचा. साखळी कुठं बांधायची यावर मी पुढाकार घेतला. म्हटलं, वर बांधा, सीटच्या मागं उंचावर, म्हणजे ओंडका वर उचलला जाईल आणि हलका येईल. साधा हिशेब! ड्रायव्हरनं ऐकलं माझं. त्यानं जोर लावला आणि ओंडका जागचा हलला नाही, ट्रॅक्टरचीच पुढची चाकं हवेत! घोड्यासारखा उभा राहिला की हो! ड्रायव्हरनं क्लच दाबला म्हणून वाचला, नाहीतर पाठीमागं उलटून त्याच्याच उरावर बसला असता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. 

देवजीशेठ चिखलात उतरला. गेला, साखळी सोडली आणि खाली, चाकाच्या आसाखालच्या दांड्याला बांधली. "वढ खालून घ्याची रं. बैलाची मान कवा आभालात बांदतान काय?"

आता ओंडका निघाला. दहा हात आला. मग लाल धूड चिखलात रुतायला लागलं. ड्रायव्हरनं जितका ॲक्सिलेटर दिला तितकं ते खाली गेलं. चाकं भुईत गडप, पोट चिखलावर, आणि बसलं ते बसलंच.

देवजीशेठच्या चेहऱ्यावर हसू आलं. "गावली खोड. यो बसनारा हाय."

बसका बैल म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळाची आठी. जयप्रकाश काहीतरी हॉर्सपॉवर हॉर्सपॉवर बोलत खाली उतरला आणि त्याचा एक बूट चिखलानं गिळला तो आजतागायत दिला नाही.

मग निळा. हलका असल्यामुळं चिखलावरून बदकासारखा तुरुतुरु गेला. पण ओंडका बांधल्यावर त्याचंही पुढचं तोंड उचलायला लागलं. मी म्हटलं, "बघा! सांगत होतो ना, दम नाही!"

"याची खोड, यो पुढं हलका हाय," देवजीशेठ शांतपणे म्हणाला. "खोड कलली का इलाज व्हते." त्यानं माणसांना ओंडक्याचे तीन तुकडे करायला लावले. मग माझ्याकडं बघितलं. आपादमस्तक, खोली भाड्यानं देताना बघितलं होतं तसं. "हौसेराव, वजन किती रं तुजा?"

अहो, मी ट्रॅक्टरमधला जाणकार! मला पुढच्या बंपरवर बसवलं. मांडीवर चिखलानं भरलेली दोन पोती. आणि बांधावरून गोजरावैनी ओरडतेय, "बोलू नको रं, हलशील!" बोलणार काय, तोंडात चिखल उडत होता. पण निळ्यानं तोंड खाली ठेवलं आणि एकेक तुकडा ओढत काठावर आणला. शेवटी भरतीचं पाणी फुटक्या बांधातून आत शिरायला लागलं तेव्हा लाल साहेबांना फळ्या लावून, साखळी बांधून बाहेर काढलं, तेही निळ्यानंच. देवजीशेठनं निळ्याच्या बॉनेटवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. सौदा झाला.

त्यानंतर रोज निळा शेतावर. ओंडके गेले, माती ओढली, बांध उभा राहिला. मातीची शेवटची पाटी पडली आणि चौथ्या दिवशी पाऊस आला.

दिवाळी झाल्यावर वैनीनं आम्हां दोघांना जेवायला बोलावलं. खारं पाणी प्यालेली जमीन, पीक ते किती येणार? एवढंसंच आलं होतं. तांबडा, जाडाभरडा भात, वरून तूप. वैनीनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः न जेवता समोर बसली. तिनं थेट मलाच विचारलं, कारण मत द्यायला चाळीत मीच प्रसिद्ध. "भावजी, कसा लागला?"

आता मी भाकरीचा माणूस. तो भात घशाखाली उतरेना. आमच्याकडचा तांदूळ कसा मऊ, कसा वासाचा, पाणी किती घालावं, सगळं जिभेवर आलं होतं. शकूनं श्वास रोखून धरला होता. 

मी काहीच बोललो नाही. ताट पुढं केलं.

वैनीनं डाव भरून वाढला आणि पदर तोंडाला लावला. मग देवजीशेठ हळूच शकूकडं झुकून म्हणाला, "वयनी, याची खोड गेली."