माप कोनाचं?

"माप कोनाचं?"

त्याच्या छपरीपुढे उभं राहून तुम्ही 'एक सूप पाहिजे' म्हणालात, की तो कोयता खाली ठेवी, एक डोळा मिटी आणि तुमच्या तोंडाकडे न बघता थेट हातांकडे बघत हे विचारी. 'नेहमीचं द्या' म्हणणाऱ्याची तर शंभरी भरलीच.

"नेहमीचं म्हंजे कोनाचं? नेहमी नावाची बाई आपल्या सावलीत नाई जी!"

मी सावली या गावी शाळामास्तर म्हणून गेलो तो पंचविशीत, आणि गावातल्या प्रत्येक शहाण्याला एकदा तरी फसवायचं असा विडा उचलून. हा म्हातारा बुरूड तेवढा माझ्या हाती लागत नव्हता.

धानाचा मुलूख. सूप घरोघरी. पण त्याचं सूप म्हणजे पाखडणाऱ्या बाईचा तिसरा हात. तो माप घेई ते कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि तेही हात न लावता. बांबूची पातळ पट्टी, म्हणजे कामटी, पुढे करायची. बाईने ती आपल्या हातावर धरून नखाने खूण करायची. तिथे हा खाच पाडणार आणि कामटी छपरात खोचून ठेवणार. सूप झिजलं की त्याच मापाचं नवं. "गावच्या समद्या बायका या म्हाताऱ्यानं छपरात खोचून ठेवल्या आहेत," असं मी एकदा चावडीवर जाहीर केलं आणि मार खाता खाता वाचलो.

पाटलीणबाईंना बुरडापुढे हात धरणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी मोलकरणीला पाठवलं. बाई आडव्या अंगाच्या, मोलकरीण काडी. नव्या सुपातून तांदूळ पाटलीणबाईंच्या पदरात पडायला लागले. त्या तणतणत आल्या, तर हा शांतपणे म्हणतो, "माप तिचं आहे, बाई. मंग पाखडू बी तिलेच द्या ना."

आणि हाच माणूस एका आंधळ्या म्हातारीच्या टोपलीत मधोमध विणीचा आडोसा घालून देतो. एकीकडे डाळ, एकीकडे तांदूळ. तांदळाच्या काठाला एक गाठ, डाळीच्या काठाला दोन. तिने मागितलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "बोटाईले दिसते ना."

गावात कोणी गेलं, तर तिरडीही तोच बांधी. मापानेच. मेलेल्याचे पाय बाहेर लोंबलेले त्याला खपत नसत.

पाळण्याचा मात्र त्याचा एक नेम होता. मूल जन्मल्याशिवाय बांबूला कोयता लावायचा नाही. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा मी सतरा वेळा मिनतवाऱ्या केल्या.

"येऊ द्या पावन्याले. मंग माप घेऊ."

मला दोन गोष्टी हव्या होत्या. बायको परत येईल तेव्हा घरात पाळणा टांगलेला हवा होता, आणि म्हाताऱ्याला एकदा फसवायचं होतं. एके दिवशी मी हातात गूळ घेऊन नाचतच त्याच्याकडे गेलो. "भाऊ, मुलगा झाला!" हवेत दोन्ही हात धरून लांबीही दाखवली. नाटकात मी कधी कमी पडलो नाही.

त्याने गूळ कपाळाला लावला आणि आठ दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. पाळण्याच्या आतून हात फिरवून पाहिला, तर बांबूचं एक कुसळही टोचत नव्हतं. पाळणा टांगला, आणि पंधराव्या दिवशी सासऱ्यांचं पत्र आलं. मूल मेलेलंच जन्मलं होतं.

बायको आली, तोवर मी पाळणा माळ्यावर लपवला होता. ती रडली नाही. स्वयंपाक करी, पाणी भरी. मुलाचा विषय कोणी काढत नव्हतं. मी तर नाहीच. रोज एकच विचार मला खाई : आपण खोटं बोललो, म्हणून.

मग एक दिवस म्हातारा ओसरीवर येऊन बसला. मूल गेल्याचं त्याला कळलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला,

"खोट्या मापानं पाळना बिघडते, मास्तर. लेकरू नाई मरत."

मग त्याने कमरेची एक कोरी कामटी काढली, दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोपुढे धरली आणि विचारलं, "बाई, केवढं होतं?"

मला वाटलं, याला आता हाकलावं. पण तिने कामटी घेतली. तिच्या आईने मूल एकदाच तिच्या मांडीवर दिलं होतं. तिने कामटी आपल्या हातावर, कोपरापासून पुढे धरली आणि नखाने खूण केली. तिच्या स्वतःच्या मापाहून दोनच बोटं कमी. आणि मग ती तिथेच, उंबऱ्यावर बसून, पहिल्यांदा रडली.

तो तिचं रडणं संपेपर्यंत बसून राहिला. मग खाच पाडली, कामटी मुंडाशात खोचली, माळ्यावरचा पाळणा मागून घेतला आणि गेला. त्या पाळण्याचं त्याने पुढे काय केलं, हे मी कधी विचारलं नाही.

चार वर्षांनी तो वारला. त्याचा मुलगा नागभीडला रेल्वेच्या कामावर होता. बापाची कला त्याने उचललीच नव्हती. तो तिरडी बांधायला बसला आणि त्याने छपराकडे पाहिलं. सगळ्या गावाची मापं तिथे होती. बापाचं नव्हतं. त्याने आपल्या अंदाजाने बांधली. वीतभर लांब झाली.

गावच्या बायका जमल्या होत्या. एकीने आपली कामटी आठवण म्हणून छपरातून ओढून घेतली, मग दुसरीने. माझ्या बायकोच्या कामटीला जरा आखूड अशी एक कामटी दोऱ्याने बांधलेली निघाली. तिने दोरा सोडला. स्वतःची कामटी परत छपरात खोचली. आखूड कामटी म्हाताऱ्याच्या पायाशी उरलेल्या वीतभर जागेत आडवी ठेवली.

मुलाने तिच्याकडे पाहिलं.

"हे माप कोनाचं जी, बाई?"

"आमच्या लेकराचं," ती म्हणाली.

त्याने दोरीचे दोन वेढे सैल केले, कामटी हलणार नाही अशी त्यात बसवली, आणि मग चौघांना म्हणाला, "उचला."