चौतीस व्हिजिट, रिझल्ट निल

“वर्षा मॅडम, या माणसाचा आपल्याला नेमका उपयोग काय, ते एका कागदावर काढून द्या. सोमवारच्या मीटिंगला हवंय.”

फोनवर ट्रॅक्टर कंपनीचे एरिया मॅनेजर साठे साहेब होते. शुक्रवारची दुपार होती. ‘हा माणूस’ म्हणजे आमचे फील्ड सेल्समन उत्तमराव. मोटरसायकलवर गावोगाव फिरायचं, कोणाला ट्रॅक्टर घ्यायचा आहे ते हेरायचं आणि त्याला शोरूमपर्यंत आणायचं, हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगी बारावीला. नोकरी गेली असती तर त्या वयात त्यांना दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं. हे मला माहीत होतं, तरी मी “हो सर” म्हणून प्रिंट काढायला घेतली. माझं कामच ते होतं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. जालन्यातल्या एका ट्रॅक्टर डीलरकडे मी सीआरएम बघायचे. सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकाची सगळी हकीकत ठेवणारं सॉफ्टवेअर. कोण आला, कधी आला, काय विचारून गेला, त्याला परत फोन कधी करायचा, सगळं त्यात. पूर्वी हे सेल्समनच्या डोक्यात असायचं आणि सेल्समन गेला की त्याच्याबरोबर जायचं. म्हणून कंपनीने सगळ्या डीलरना हे सॉफ्टवेअर घ्यायला लावलं होतं. आमच्याकडे ते येऊन दीड वर्ष झालं होतं. मी त्यात तरबेज होते. चाळीस सेकंदांत एक एन्ट्री! आमचे शेठ पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणून दाखवायचे, “बघा, बोटं कशी चालतात हिची.” मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

प्रिंट निघाली. दीड वर्षात फील्डमधून आलेली विक्री जवळजवळ शून्य. शोरूममध्ये आपणहून चालत आलेल्या गिऱ्हाइकांची, म्हणजे ‘वॉक-इन’ विक्री मात्र जोरात. ती सगळी शोरूम सांभाळणाऱ्या नितीनच्या नावावर. आणि उत्तमरावांच्या नावावर काय? कुंभार पिंपळगावच्या लिंबाजी आबा नावाच्या एकाच शेतकऱ्याकडे चौतीस व्हिजिट. त्या आबांनी ट्रॅक्टर आधीच घेतलेला. प्रत्येक व्हिजिटपुढे ‘कारण: इतर’ आणि ‘रिझल्ट: निल’. हे शब्द माझेच. उत्तमराव आठवड्याच्या शेवटी गावांची नावं सांगायचे आणि मी भरायचे. कारण विचारलं की म्हणायचे, “बसून आलो.” बसण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये पर्याय नव्हता.

साठे साहेबांना फॅक्स केला. त्यांचा लगेच फोन. “चौतीस वेळा? नातेवाईक आहे का त्याचा? पेट्रोल आपलं आणि पाहुणचार याचा!”

दुसऱ्या दिवशी शनिवार. अकराच्या सुमाराला लोडशेडिंग झालं. यूपीएसने पाच मिनिटं टूं टूं केलं आणि तोही बसला. नेमकं तेव्हाच एक जोडपं आलं, घनसावंगीकडचं. त्यांना किती ताटकळत ठेवणार? ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला आणि हाताने भरायला लागले. नाव, गाव, शेती किती, जुना ट्रॅक्टर आहे का. पुढचा रकाना होता, ‘आमच्याकडची माहिती कोठून मिळाली?’

हा प्रश्न मी दीड वर्षात कोणालाही विचारला नव्हता.

कॉम्प्युटरवर तो रकाना आपोआप भरलेला यायचा. यादीतला पहिला पर्याय ‘वॉक-इन’ होता. टॅबचं बटण दाबलं की कर्सर पुढच्या रकान्यात. माणूस समोर उभा आहे म्हणजे चालतच आला असणार, इतका साधा विचार. माझ्या चाळीस सेकंदांचं गुपित हेच. कागदावर मात्र टॅबचं बटण नसतं.

“तुम्हाला आमच्याकडे कोणी पाठवलं?” मी विचारलं.

“लिंबाजी आबानं,” तो माणूस म्हणाला. “म्हणले, दुसरीकडं कुठं जाऊ नका. त्यांचा माणूस ट्रॅक्टर इकून पळून जात न्हाई.”

त्याची बायको म्हणाली, “आमच्या भायानं, यांच्या थोरल्या भावानं बी इथूनच नेला. आबाला इचारल्याबिगर आमच्याकडं कोणी घेतच न्हाई.”

लाईट आल्यावर घनसावंगी तालुक्यातले, म्हणजे आबांच्या भागातले, विक्री झालेले वॉक-इन काढले. सव्वीस निघाले. संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन लावत बसले. कोणाचा नंबर शेजाऱ्याचा, कोणाचा किराणा दुकानाचा. पोरगं बोलवायला जायचं, मी रिसीव्हर धरून बसायचे. एकवीस जण भेटले. त्यांतल्या सोळांनी लिंबाजी आबांचं नाव घेतलं. उत्तमरावांचं नाव एकानेही घेतलं नाही. कसं घेतील? ते बसायचे आबांकडे. बोलायचे आबा.

रविवारी मस्तगड भागातल्या माझ्या घरी मेथी निवडताना देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होते. मनात एकच. मी गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. बोलले तर दीड वर्षाचा डेटा चुकीचा भरला हे मीच कबूल केल्यासारखं. पुढच्याच महिन्यात मला पर्मनंट करणार होते. मला भीती वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता. दोन्हीचा जोर सारखाच होता.

सोमवारी मीटिंगच्या आधी मी उत्तमरावांना गाठलं. ते पार्किंगमध्ये मोटरसायकल पुसत होते.

“उत्तमराव, आबांकडे जाऊन तुम्ही करता काय?”

“बसतो.”

“नुसतेच?”

“हायड्रॉलिक बघतो. चहा पेतो. बाजाराच्या दिवशी जातो, मंग चार माणसं बी येतात आबाकडं. त्यांच्या गोष्टी आयकतो. कामून?”

“तुमच्यावर आज येणार आहे. चौतीस व्हिजिट निघाल्यात.”

त्यांनी फडकं पिळलं. “येऊ द्या. मी काय चोरी करायला गेल्तो का?”

मीटिंगमध्ये शेठ, साठे साहेब, नितीन, उत्तमराव आणि मी. साठे साहेबांनी प्रिंट टेबलावर सरकवली.

“शेठ, आकडे समोर आहेत. वॉक-इन आपोआप येतायत. मग फील्डवर हा खर्च कशाला? या महिन्यापासून यांना थांबवू.”

“आपोआप येत नाहीत, सर,” मी म्हणाले. “तो आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे.”

मग टॅबच्या बटणापासून सगळं सांगितलं. सोळा नावांचा कागद पुढे ठेवला. नितीन मान खाली घालून होता, पण म्हणाला, “बराबर आहे. आले की आबाचं नाव सांगतात. मला वाटलं, मॅडमनं लिहिलं असंल.”

साठे साहेब कागद बघून म्हणाले, “म्हणजे विक्री लिंबाजी आबा करतात. मग उत्तमराव काय करतात?”

“हा लिंबाजी कोण?” शेठनी मला विचारलं.

जुन्या रजिस्टरवरून सॉफ्टवेअरमध्ये चढवलेलं आबांचं रेकॉर्ड मी वाचलं. “कम्प्लेंट. हायड्रॉलिक. क्लोज्ड.” हायड्रॉलिक म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचं अवजार उचलणारी यंत्रणा. ती गेली तर ट्रॅक्टर रस्त्यावर पळतो, पण शेतात पेरणीयंत्र उचलत नाही.

शेठ एकदम सरळ बसले. “अरे, तो! गेट अडवणारा?”

चार वर्षांपूर्वी, मी इथे येण्याच्याही आधी, ऐन पेरणीत आबांच्या नव्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक गेलं होतं. आठ दिवस पार्ट आला नाही. आबांनी साठ-सत्तर किलोमीटर तो ट्रॅक्टर चालवत आणला, शोरूमच्या गेटात आडवा लावला आणि दोन दिवस हलवला नाही. जाताना सगळ्यांसमोर सांगून गेले होते, आमच्या भागात तुमचा एक ट्रॅक्टर विकू देणार नाही.

“मंग शेठ,” उत्तमराव पहिल्यांदाच बोलले, “तुम्हीच मला म्हणलात, उत्तम, या माणसाला सांभाळ. तवापासून जाऊन राह्यलो. पहिले सहा महिने मला वसरीवर बी बसू दिलं न्हाई आबानं. उभ्या उभ्या हायड्रॉलिक बघायचो आन् निघायचो.”

शेठनी सोळा नावांचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “मी बोललो होतो. बिलकुल विसरलो.”

साठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी प्रिंटची घडी घातली आणि म्हणाले, “हे सिस्टिममध्ये कुठेतरी दिसायला पाहिजे होतं ना, मॅडम.”

“हो सर,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

उत्तमरावांची नोकरी राहिली. माझं पर्मनंट होणं तीन महिने पुढे गेलं आणि दीड वर्षाच्या सगळ्या वॉक-इनना परत फोन करायचं काम मिळालं. ते मी केलं. तक्रार करायला तोंड नव्हतं. बाहेर आल्यावर मी उत्तमरावांची माफी मागितली आणि विचारलं, “तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“चार वर्षं झाली, मॅडम. कोणी इचारलंच न्हाई,” ते म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागून एकच बदल करून घेतला. त्या यादीतला पहिला पर्याय रिकामा ठेवला. आता विचारल्याशिवाय कर्सर पुढे जात नाही. माझी एन्ट्री चाळीस सेकंदांवरून तीन मिनिटांवर गेली आणि शेठनी पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणणं बंद केलं.

काही वर्षांनी उत्तमराव रिटायर झाले. कुंभार पिंपळगावची बाजू नितीनकडे आली. पहिल्या बाजाराच्या दिवशी तो हेल्मेट घेऊन माझ्या टेबलापाशी थांबला.

“मॅडम, आबांकडे जाऊन राह्यलो. व्हिजिटचं कारण काय टाकू?”

“‘इतर’ टाकते मी.”

“आणि रिझल्ट?”

“निल,” मी म्हटलं. “आणि नितीन, पहिले सहा महिने उभं राहावं लागेल. पण जात राहा.”