वैद्यबुवा आणि पाण्याची घागर

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यात तर माझ्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नव्हतं. कारण एकच, माझे वैद्यबुवा रोज तळ्यात बुडत होते.

परतूरजवळच्या आमच्या गावात, घरी बसून मी गेम बनवायला शिकले. कामासाठी दोन ठिकाणी चाचणी दिली, दोन्हीकडं नापास. ही तिसरी. हीही गेली तर लॅपटॉप गुंडाळून माळ्यावर टाकीन आणि हा नाद सोडीन, असं मीच चारचौघांत बोलून बसले होते. जळ्ळी माझी जीभ!

चाचणी दिसायला सोपी. पडद्यावर बारा सैनिक विखुरलेले. त्यांचा मध्य काढायचा आणि जखमींना बरं करणारा वैद्य तिथं उभा करायचा. प्रत्येकाच्या जागेचे दोन आकडे, एक आडवा, एक उभा. आडव्यांची सरासरी काढा, उभ्यांची काढा, झाला मध्य. शाळेतलं गणित. पण मेले सैनिक उभे तळ्याभोवती! सरासरी बरोबर यायची आणि वैद्यबुवा ऐटीत चालत जाऊन थेट पाण्यात गडप. दुसऱ्या मांडणीत तळं नव्हतं, पण एक हेर पार डोंगराकडं गेलेला. त्याच्यापायी मध्य तिकडं सरकायचा आणि वैद्य माळावर एकटाच उभा. मी हात टेकले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुकादम. संध्याकाळी शेतातून आल्या की पाय धुता धुता विचारायच्या, "मंग? बुडाला का आज बी?"

"बुडाला!" एके दिवशी मी खेकसले. "तुम्हाला हसू येतंय. मला रडू येऊन राह्यलंय."

त्या शेजारी टेकल्या. पडद्याकडं बघत म्हणाल्या, "ह्याला उभं कुठं करायचंय?"

"सगळ्यांच्या मधोमध."

"अगं, मंग रिकामी जागा कशाला हुडकून राह्यली? आपल्या शेताच्या मधोमध हीर हाय. पाण्याची घागर काय हिरीत ठेवू? घागर ठेवायची एका बाईपाशी. जिच्यापाशी ठेवली की समद्यायला मिळून कमी चालावं लागतं, तिच्यापाशी. अन् एखादी लांब राह्यली म्हणून घागर हालत न्हाई."

मी लॅपटॉप पुढं ओढला. मग धडाधड लिहीत सुटले. प्रत्येक सैनिकापासून बाकी अकरा जणांची अंतरं मोजायची, त्यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, वैद्य त्याच्या शेजारी. चालवून पाहिलं. वैद्यबुवा कोरड्या ठणठणीत जमिनीवर, माणसांत! मी आत्याबाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चहा सांडला. काम पाठवताना खाली एक ओळ लिहिली, की ही रीत माझ्या सासूबाईंची आहे.

आठ दिवस काहीच उत्तर नाही. घरात बसवेना, म्हणून रविवारी वेचणीला गेले. माझ्या हाताला सवय नाही. बाया भराभर पुढं गेल्या, मी आपली मागं, शेताच्या कोपऱ्यात. बघते तर घागर माझ्यापाशी.

आत्याबाई पार पलीकडच्या बांधापाशी होत्या. मी ओरडून विचारलं, "अहो, मध्य इथं कुठंय?"

"न्हाईच तिथं!" त्या तिकडून ओरडल्या. "पण तुझा जीव थाऱ्यावर न्हाई आज. गप पाणी पी!"

मी पाणी पीत होते तेवढ्यात फोन थरथरला. निवड झाली होती. काम सोमवारपासून, घरूनच. मी अशी किंचाळले की बायांना वाटलं साप निघाला. हातातला कापूस टाकून सगळ्या धावल्या. सगळ्यात लांबून आत्याबाईंना यायचं होतं, आणि सगळ्यांच्या आधी त्याच पोचल्या. त्यांना धाप लागली होती.

"न्हाई ना बुडाला?" त्यांनी विचारलं.