राजाचा अंगरखा आणि गुलाबी पिशवी

आमच्या सासरच्यांनी सात पिढ्या राजाचे कपडे सांभाळले. मला ते तीन दिवससुद्धा जमलं नाही.

आमचं आडनाव जामदार. जामदार म्हणजे राजाच्या वस्त्रांचा अधिकारी! माझे सासरे आप्पा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला आले आणि कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे अडकले, तेव्हा हे मी रोज चहाबरोबर ऐकलं. डिसेंबरात मराठी मंडळाचं ऑनलाइन नाटक ठरलं. काल्पनिक राजाचा राज्याभिषेक. राजा आमचे 'हे'. साताऱ्याहून कुरिअरने जरीचा अंगरखा आला.

"सूनबाई, आजपासून जामदारखाना तुमच्याकडे!" आप्पा म्हणाले. (एरवी मी नुसती 'अगं'.)

नववीत शाळा सोडलेल्या बाईला कोण पद देतं हो? मला भरूनच आलं! आणि पाठोपाठ घाम फुटला. अंगरख्याला व्हायरस चिकटून आला असेल तर? म्हणून तो तीन दिवस पोर्चमध्ये ठेवला. तोही उघडा नाही, दारातल्या पत्राच्या फटीतून आलेल्या छान गुलाबी पिशवीत. (पिशवीवर बरंच इंग्रजी छापलं होतं. मी रंग पाहिला.)

नाटकाच्या दिवशी सकाळी पोर्च रिकामा!

"जुने कपडे न्यायला चॅरिटीची व्हॅन आली होती, लव्ह," शेजारच्या मॉरीनबाई कुंपणावरून म्हणाल्या. "तुझ्या पोर्चमधली त्यांची गुलाबी पिशवी मीच उचलून दिली. यू आर ग्रँड!" (म्हणजे, आभार कसले!)

मी आत धावले. "अहो, अंगरखा गेला!"

"कुठे?"

"गरिबांना!"

"अगं, मग मी काय घालू? राज्याभिषेक आहे माझा!"

शेवटी महाराज माझ्या मरून ड्रेसिंग गाऊनमध्ये सिंहासनावर बसले. गाऊनच्या टोपीला सशाचे कान होते, ते मी मागे पिनांनी दाबले. वरून शालू पांघरला. सगळं झकास चाललं होतं! मग महाराज राजगुरूंना नमस्कार करायला वाकले, पिना सुटल्या आणि दोन्ही कान स्क्रीनभर ताठ उभे राहिले!

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फिरायला निघालो, तर चॅरिटीच्या दुकानाच्या काचेत आमचा अंगरखा! पुतळ्याच्या अंगावर, कडक इस्त्री केलेला, शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी. दुकान सांभाळणाऱ्या, मास्क लावलेल्या आजीबाईंनी आतून हात हलवला. आप्पांनी भर फुटपाथवर त्यांना वाकून मुजरा केला!

"बघ! याला म्हणतात जामदार!"

"आप्पा, विकत घेऊन येऊ का परत?" मी चाचरत विचारलं.

"कशाला? तिथेच सुरक्षित आहे!"

आता आमच्या घरात राजवस्त्र म्हणून उरलाय तो माझा सशाच्या कानांचा गाऊन. तोही आप्पांनी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे नाही, मॉरीनबाईंकडे!