शर्टाचं गिऱ्हाईक

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप मांडून, मधुमिता पुरुषांच्या कपड्यांच्या जाहिराती करायची. मोबाईलवर इन्स्टाग्राम चाळताना मध्येच डोकावतात, त्या. चौदा वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर हे काम ती बेचाळिसाव्या वर्षी शिकली होती, आणि चिदंबर यांचं शर्टांचं दुकान हे तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं.

ते आता हातचं जायच्या बेतात होतं. जाहिरात सुरू होऊन चार दिवस झाले, तरी दुकानात चौकशीचा एक फोन आला नव्हता.

"मॅडम, रविवारपर्यंत बघतो," चिदंबर म्हणाले होते. "नाहीतर लग्नसराईचं काम बेंगळूरच्या कंपनीला देतो. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लागायचं ते लागलंच होतं. जाहिरातीत तर खोट दिसत नव्हती. रुंद खांद्यांचा, सपाट पोटाचा मॉडेल, मागे राखाडी भिंत, ठसठशीत अक्षरं. ती फक्त म्हैसुरातल्या पंचवीस ते पन्नास वयाच्या पुरुषांना दिसावी, अशी व्यवस्थाही तिने चोख केली होती. शर्ट पुरुषांचे, तेव्हा दाखवायचे पुरुषांनाच.

शुक्रवारी सकाळी तिचा नवरा प्राणेश मेटगळ्ळीच्या कारखान्यात निघण्याआधी कॉफी पीत मोबाईल चाळत होता. इडलीची ताटली उचलायला ती मागून आली, तर पडद्यावर तिचाच मॉडेल. प्राणेशच्या अंगठ्याने त्याला नीट उभंही राहू दिलं नाही, वर ढकलून दिलं.

"री," तिने कानडीतलं 'अहो' लावलं, "ती माझी होती."

"काय?"

"जाहिरात. बघितलीसुद्धा नाहीत."

"शर्टाची होती ना? मी शर्ट बघून काय करू? शर्ट तू आणतेस."

"सतरा वर्षांत एकदाही आपण आणावा असं वाटलं नाही?"

"लग्नाआधी अम्मा आणायची," प्राणेश म्हणाला. "मध्ये वेळच मिळाला नाही."

मधुमिताने उचललेली ताटली परत टेबलावर ठेवली. समोरच्या वरलक्ष्मी नवऱ्याचा जुना शर्ट मापाला पिशवीत घालून दुकानात जात. तिचा स्वतःचा भाऊ विजयेंद्र बायकोला विचारल्याशिवाय रुमालही घेत नसे. आणि ती चार दिवस शर्ट विकत होती, ते नेमके या नवऱ्यांना.

"आज अर्धा दिवस रजा टाका," ती म्हणाली.

"कशाला?"

"उभं राहायला."

दुकानातून तिने चव्वेचाळीस मापाचा शर्ट आणला आणि प्राणेशला खिडकीपाशी उभं केलं.

"पोट आत घेऊ?"

"इल्ला, नको. आहे तसं राहू द्या. बायका तेच बघतात."

फोटोत एका बाजूने तिचा स्वतःचा हात आला, कॉलर सारखी करणारा. खाली तिने लिहिलं: 'बटणं ताणत नाहीत. धुतल्यावर आटत नाही.' आणि जाहिरात कुणाला दिसावी, तिथे पुरुष काढून तीस ते साठ वयाच्या बायका घातल्या.

शनिवारी दुपारी चिदंबर यांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, काय केलंत? सकाळपासून सगळे फोन बायकांचे. एक विचारते, धोतरावर शोभेल का. दुसरी म्हणते, बाहीला इस्त्री कितपत लागते. एक बाई तर म्हणाल्या, त्या जाड माणसाला बसलाय तोच द्या, आमचे तेवढेच आहेत."

"मग देताय ना?"

"देतोय की. लग्नसराईचं काम तुमच्याकडेच. आणि त्या सरांना आमच्याकडून एक शर्ट. त्यांनी स्वतः येऊन निवडायचा."

"जाड?" फोन ठेवल्यावर प्राणेशने विचारलं.

"गिऱ्हाइकाच्या मापाचे," मधुमिता म्हणाली.

रविवारी तो एकटा दुकानात गेला. तिने सोबत यायची तयारी दाखवली, ती त्याने ठामपणे नाकारली. दीड तासाने लढाई जिंकल्यासारखा परत आला आणि खोका तिच्यापुढे ठेवला.

"बघ. कुणाला विचारलं नाही."

निळ्या चौकटींचा शर्ट होता. कपाटात अगदी तसेच दोन होते, दोन्ही तिनेच आणलेले.

"छान आहे," ती म्हणाली, आणि आणखी एक हँगर शोधायला आत गेली.