रोज दोन चमचे

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली ‘चौथे’ म्हणते. हे आडनाव नाही, हा निकाल आहे. वजन उचलण्याच्या प्रत्येक स्पर्धेत ते चौथे येतात. स्पर्धा मोठी असो की लहान, समोर मुरलेले गडी असोत की मिसरूड न फुटलेली पोरं, भाऊजी इमानेइतबारे चौथे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, तशा त्या बक्षिसाच्या पायऱ्याही तीनच. चौथ्याने खाली जमिनीवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. भाऊजी त्या मनापासून वाजवतात. मला त्याचाच राग येतो.

एकदा पेपरात विजेत्यांचा फोटो आला, त्यात कडेला एक कोपर दिसत होतं. सासूबाईंनी तो कापून, चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला. पाहुणे आले की त्या काचेवर बोट ठेवतात. “हे कोपर आमच्या धाकट्याचं.” एक गृहस्थ बराच वेळ बघून म्हणाले, “छान आहे,” आणि चहा न घेताच गेले.

भाऊजी टायरच्या दुकानात कामाला आहेत. चाकाचा तोल साधणं हे त्यांचं खास काम. चाक मशीनवर गरगर फिरवायचं, कुठे हलकं पडतंय ते बघायचं आणि तिथे रिमच्या कडेला शिशाचा एवढासा तुकडा ठोकायचा. “वहिनी, दहा ग्रॅम कमी पडले तरी स्टिअरिंग थरथरतं,” असं ते मला जेवताना सांगतात. अशा माणसाला ग्रॅमचं वेड लागणारच. पण ते वेड चाकापाशी थांबलं नाही, घरात शिरलं आणि थेट फ्रिजवर जाऊन बसलं.

आमच्या फ्रिजवर डब्यांची वसाहत आहे. बादलीएवढे काळे डबे, त्यांवर सोनेरी अक्षरं, कडाडणारी वीज, डरकाळी फोडणारं एखादं जनावर आणि एक उघडाबंब माणूस, ज्याला मानेच्या वर काहीच नाही. पहिला डबा आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “ह्याला डोकं का नाही रे?”

“आई, ती स्नायूंची जाहिरात आहे. डोक्याचा काय संबंध?”

“मग बरोबर आहे,” असं म्हणून त्या भाजी चिरायला गेल्या.

एका डब्यात दुधाचं प्रोटीन. ते व्यायाम झाल्या झाल्या प्यायचं, नाहीतर ‘खिडकी बंद होते’. ही खिडकी अंगात नेमकी कुठे असते ते मला अजून कळलेलं नाही, पण ती बंद होऊ नये म्हणून भाऊजी चपला न काढता स्वयंपाकघरात घुसतात. दुसऱ्या डब्यातलं निळं पाणी बॅटरी चाटल्यासारखं लागतं. तिसऱ्यातल्या भुकटीने कानाला मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणजे ती लागू पडली असं समजायचं. मुंग्यांना पैसे कशाला हवेत? मांडी घालून बसलं तरी फुकट येतात.

चौथा डबा क्रिएटिनचा. पांढरी भुकटी, ना वास, ना चव. ह्या सगळ्या कारभारात खरोखर ताकद देणारी वस्तू एवढीच, असं त्यांचे व्यायामशाळेतले सर म्हणतात. फक्त ती अंगात पाणी धरून ठेवते आणि वजन वाढवते. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे डबे येतात व्यायामशाळेच्या खालच्या दुकानातून. दुकानदाराचे दंड इतके तट्ट आहेत की हात कधी अंगाला टेकत नाहीत. सगळे त्याला फुगा म्हणतात. कोणतीही तक्रार घेऊन जा, फुग्याकडे त्यावर उतारा म्हणून पुढचा डबा तयार असतो. प्रोटीनने पोट बिघडलं तर पोटाचा डबा, पोटाच्या डब्याने झोप उडाली तर झोपेचा. रिकामे डबे आमच्याकडे. त्यांत तांदूळ असतात, साबणाची पावडर असते, खिळे असतात. मीठ काढायला त्यातलाच चमचा.

प्रोटीनचा परिणाम स्नायूंवर दिसायला महिने लागतात, हवेत मात्र तासाभरात जाणवतो. माझा नवरा मितभाषी माणूस. तोसुद्धा एकदा नाकाला रुमाल लावून म्हणाला, “ह्याचे स्नायू होईपर्यंत आपण दुसरीकडे भाड्याने राहू या का?”

भाऊजींना हवा होता ‘लीन मसल’. म्हणजे चरबीचा लवलेश नसलेला स्नायू. वजन वाढू द्यायचं नाही आणि ताकद मात्र वाढवायची. पगार तेवढाच ठेवून काम वाढवतात, तसलाच प्रकार. कारण ते उतरायचे सदुसष्ट किलोच्या गटात. काट्यावर त्याच्या वर एक रेघ गेली की गट गेला.

आता सासूबाईंविषयी. आमचे सासरे गोळ्या घ्यायला फार कुरकुर करत. रक्तदाबाची गोळी तोंडात घालायचे, पाणी प्यायचे, मान डोलवायचे आणि सासूबाईंची पाठ वळली की ती उशीखाली सरकवायचे. एकदा उशीचा अभ्रा धुवायला काढला तर गोळ्यांचा सडा पडला. सासूबाईंनी खलबत्ता काढला. दुसऱ्या दिवसापासून गोळी कुटून वरणात, भातात, दुधात. सासरे शेवटपर्यंत समजत राहिले की आपण बायकोला फसवतोय. “मी होते म्हणून दहा वर्षं जास्त जगले,” असं सासूबाई सांगतात, आणि ते खरंच आहे. आमच्या घरात औषध चुकत नाही. घेणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

यंदाची स्पर्धा निराळी होती. नेहमीचा पहिला परगावी नोकरीला गेला होता. नेहमीचा तिसरा लग्न करून असा काही सुटला होता की सदुसष्टच्या काट्याला आता तोंड दाखवायची सोय नव्हती. मैदान रिकामं! सरांनी भाऊजींना स्वच्छ सांगितलं, “हे बघ, तू पस्तिशीला आलास. अंग आता आवळत नाही. सदुसष्टमध्ये तुझं हे शेवटचं वर्ष. पण ह्या वर्षी पायरी तुझी आहे. नुसता काट्यावर नीट बस, बाकीचं मी बघतो.”

भाऊजी त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी प्रथमच इतका खुललेला पाहिला. “वहिनी, पायरी किती उंच असते माहीत आहे? टायरएवढी. एवढीशीच असते हो,” असं ते हाताने दाखवत होते. मी थट्टा करणार होते. केली नाही.

मग आवळणं सुरू झालं. महिनाभर आधी त्यांनी क्रिएटिन सोडलं, म्हणजे अंगातलं पाणी उतरेल. मीठ सोडलं, साखर सोडली. सकाळी पाण्यातले ओट्स, दुपारी उकडलेलं चिकन, संध्याकाळी चिडचिड. आम्हाला त्यांच्यासमोर बिस्कीट खायची चोरी झाली. दर वर्षी ह्या उपासाने वजन सरसर उतरायचं. ह्या वर्षी ते अडुसष्टच्या आसपास ठाण मांडून बसलं.

भाऊजींनी आधी काट्यावर संशय घेतला. दुकानातून शिशाच्या तुकड्यांची पिशवी आणली, काट्यावर ठेवली, काटा निर्दोष सुटला. मग फरशीवर संशय घेतला. काटा न्हाणीघरात, गच्चीत, शेजाऱ्यांच्या दारात नेऊन पाहिला. मग माझ्यावर. “वहिनी, तुम्ही भाजीत मीठ घालत नाही ना?” मी म्हटलं, “भाऊजी, तुमच्यापायी आम्ही सगळेच अळणी खातोय, आता माझ्या तोंडून अपशब्द काढू नका.” फुग्याने पाणी उतरवायचा एक डबा सुचवला, तेव्हा सरांनी त्याला जिन्यापर्यंत पिटाळलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. सासूबाई मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बाकावर बसल्या. वजनाची खोली म्हणजे एका शाळेची सामान ठेवायची खोली. चटया, नेटचे मोडके खांब आणि मधोमध काटा. भाऊजी टॉवेल गुंडाळून चढले, मग टॉवेलही पंचांच्या हातात दिला. पंच म्हणाले, “सातशे ग्रॅम जास्त. तासाभरात उतरवा.”

मग जे झालं ते शत्रूवरही येऊ नये. दोन स्वेटर आणि वर माझ्या नवऱ्याचा रेनकोट घालून भाऊजी भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारू लागले. लिंबाच्या गोळ्या चघळून ग्लासात थुंकू लागले. पुन्हा काटा. चारशे जास्त. एका खेळाडूकडून वस्तरा मागून त्यांनी डोक्यावरचे केस उतरवले. अजून जास्त. तेव्हा त्यांनी क्षणभर आरशात पाहिलं आणि मिशी काढली. कॉलेजपासून तेल लावून जपलेली मिशी! गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. काटा हलला म्हणायचा तर एका माशीएवढा.

भाऊजी गुळगुळीत डोक्याने बाहेर आले, ओठ पांढरे पडलेले, पाय लटपटत होते. त्यांना पाहून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“असा का करतोस रे? घाबरतोस कशाला? ताकद आहे तुझ्या अंगात. मी काय रिकामं ठेवलंय तुला? रोज दोन चमचे घातलेत.”

“कसले दोन चमचे?” सरांनी विचारलं.

“ती पांढरी पावडर हो, फ्रिजवरची. आधी रोज घ्यायचा, महिन्यापूर्वी बंदच केली. मी म्हटलं, गेला बापाच्या वळणावर, लपवाछपवी सुरू झाली. मग मीच ओट्समध्ये घालत गेले.” त्या अभिमानाने म्हणाल्या, “एक दिवस चुकवला नाही.”

सर बाकावर मटकन बसले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. “अहो बाई, तुम्ही…” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. भाऊजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सर, राहू द्या.”

“अरे पण ते पाणी…”

“राहू द्या म्हटलं ना.”

त्यांच्या जागी मी असते तर तिथेच शाळा डोक्यावर घेतली असती. शेवटचं वर्ष, रिकामी पायरी, मिशी, सगळं ह्या बाईच्या दोन चमच्यांत बुडालं होतं, आणि हा माणूस तिच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, “डब्यात काय आहे, आई?”

“भात, दही आणि अंडी.”

“आण.”

माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला फार राग आला.

पंचांनी भाऊजींचं नाव वरच्या, त्र्याहत्तरच्या गटात घातलं. भाऊजी जमिनीवर बसून जेवले. महिन्याभराने मीठ खात होते. डबा चाटूनपुसून साफ केला, तांब्याभर पाणी प्यायले आणि ढेकर दिली. मी वरच्या गटातले गडी बघून घेतले. एकाची मान माझ्या कमरेएवढी होती. आणि त्यांच्यात एक ओळखीचा चेहरा: लग्नाने सुटलेला तो नेहमीचा तिसरा! त्याने भाऊजींना बघून हात हलवला.

शेवटच्या फेरीत भाऊजींनी बारवर असं वजन लावायला सांगितलं की सर म्हणाले, “वेड लागलंय का? सरावातसुद्धा उचललं नाहीस हे.” भाऊजी म्हणाले, “आज भूक नाहीये, सर.” त्यांनी बार छातीवर घेतला. गुडघे सरळ झाले. मग बार डोक्यावर गेला आणि उजवं कोपर थरथरू लागलं. तेच ते चौकटीतलं कोपर. सासूबाई बाकावर उभ्या राहिल्या. कोपर थरथरलं, थरथरलं आणि ताठ झालं. पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य. माझ्या मितभाषी नवऱ्याने अशी आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं.

निकाल लागला. भाऊजी चौथे. तिसऱ्या पायरीवर तो सुटलेला.

सरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, सदुसष्टमध्ये आज ज्याला सोनं मिळालं, त्याच्यापेक्षा भाऊजींनी चार किलो जास्त उचलले होते. मी भाऊजींकडे पाहिलं. ग्रॅममध्ये जगणारा माणूस, त्यांनी ती बेरीज माझ्या आधीच केलेली होती. “आईला सांगू नका,” ते म्हणाले, आणि जमिनीवर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ह्या वेळी मीही वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलेल्या सासूबाई भाऊजींकडे वळल्या.

“ह्या वेळचे सगळे तुझ्यापेक्षा जाडजूड होते ना रे?”

“हो.”

“आणि तरी चौथा आलास.”

“हो, आई.”

“म्हणजे दोन चमच्यांत चौथा.” त्यांनी रिकामा डबा मांडीवर नीट केला. “पुढच्या वर्षी तीन घालते.”

भाऊजींनी मिशीच्या जागी हात नेला, तिथे काही नव्हतं, तो तसाच डोक्यावरून फिरवला.

“घाल,” ते म्हणाले. “त्र्याहत्तरला चालतील.”