अर्ध्या बादलीची रेघ

परवा कपाट आवरताना जुना नकाशा हाती लागला आणि खोडरबराचा वास आल्यासारखं वाटलं. नव्वदच्या दशकात मी साताऱ्याहून चंदीगडला भूगोल शिकायला आले होते. शिवालिकच्या पायथ्याच्या पावसाळी ओढ्यांना इकडे 'चो' म्हणतात. अशाच एका चोला कुठवरचं पाणी येऊन मिळतं, त्याची हद्द आम्ही आखत होतो. सरांनी जुन्या नकाशाप्रमाणे रेघ टेकडीच्या माथ्यावरून नेली, पण माझे पाय वेगळंच सांगत होते. लहानपणापासून उसाला दारं धरलेली मी. पाणी कुठे वळणार हे मला चालतानाच कळायचं. माथ्यापलीकडच्या शेतातलं पाणीही आपल्याच चोला मिळतं, असं मी म्हटलं तर सर हसले. "बेटा, नक्शा पक्का है." शेजारच्या झोपडीतल्या बाईंनी डोक्यावरून वाहून आणलेलं पाणी होतं. त्यातलं अर्धी बादली पाणी मी मागून घेतलं आणि त्या शेतात ओतलं. ते क्षणभर थबकलं, मग गवतातून वाट काढत एका घळीत शिरलं आणि आपल्या चोकडे उतरलं. सरांचा जुना नकाशा झाल्यानंतरच्या वर्षांत चोने तो मऊ मातीचा माथा पोखरला होता. "मुझसे पूछ लेते जी," बाई म्हणाल्या, "मेरा पानी बच जाता." सरांनी आपली रेघ खोडली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. परवा त्या नकाशावर बोट ठेवून इकडेच वाढलेल्या माझ्या लेकीने विचारलं, "मम्मा, ये लाइन यहाँ टेढ़ी क्यों है?" मी म्हटलं, "तेवढी माझी आहे."